लोकसभा, लोणचं आणि पान २३ : साप्ताहिकाचा अंक कसा लागतो

प्रश्न : आजोबांच्या माळ्यावर १९८० च्या आसपासच्या एका मराठी साप्ताहिकाचे गठ्ठे सापडले. एकाच अंकात लोकसभा निवडणुकीवरचा लेख, लिंबाच्या लोणच्याची कृती, क्रमशः कादंबरी, राशिभविष्य, कसोटी सामन्याचा वृत्तान्त आणि शब्दकोडं. हे सगळं एकत्र कोण ठरवायचं आणि कशाच्या आधारावर? की हाताला लागेल ते छापायचे? आम्ही चौघं मित्र असंच एक साप्ताहिक काढायच्या विचारात आहोत, निदान पीडीएफच्या रूपात. त्यात काय ठेवावं, काय टाळावं? आणि एक किरकोळ शंका : बऱ्याच अंकांत २२ नंतर एकदम २७ वं पान येतं. हे अंक सदोष आहेत का?

उत्तर : मी एकतीस वर्षं पुण्यातल्या एका साप्ताहिकात होतो. १९७९ मध्ये मुद्रितशोधक म्हणून चिकटलो, बाहेर पडलो तेव्हा कार्यकारी संपादक होतो. 'हाताला लागेल ते' हे तुमचे शब्द जरा झोंबले, पण अगदीच खोटे आहेत असं म्हणवत नाही. मंगळवारी रात्री अकराला ४४ व्या पानावर दीड कॉलम मोकळा राहिला, तर हाताला लागेल तेच जातं. बाकीची सत्तेचाळीस पानं मात्र तशी भरत नाहीत.

मी रुजू झालो त्या दिवशी आमच्या तेव्हाच्या संपादकांनी विचारलं होतं, "अंक घरात आला की पहिला कोण उचलतो?" मी म्हटलं, घरातला कर्ता पुरुष. ते हसले. म्हणाले, "तो पैसे देतो. उचलते ती त्याची बायको, नाहीतर पोरगा." एक अंक आठवडाभर घरात फिरतो. बाई दुपारी मागची पानं चाळते, पोरगा आधी क्रिकेट बघतो, आजी भविष्य वाचून घेते, गृहस्थ रविवारी सकाळी संपादकीयापासून सुरुवात करतात आणि समोरच्या बिऱ्हाडातले काका सोमवारी मागून नेतात ते शब्दकोडं सोडवूनच परत करतात. त्यामुळे अंकाला एक दार ठेवून भागत नाही, पाच-सहा दारं ठेवावी लागतात. तुम्हाला विसंगत वाटतो तो मजकूर म्हणजे ही दारं आहेत.

पण नुसती दारं ठेवून काम होत नाही. माणूस आपल्या दारातून आत आला की त्याला शेजारच्या खोलीत डोकावायला लावणं ही खरी कारागिरी. एक उदाहरण देतो. १९९४ मध्ये महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना सहदायाद, म्हणजे जन्मतःच वाटेकरी म्हणून हक्क दिला. (केंद्राचा तसा कायदा यायला २००५ उजाडलं.) एका वकिलांकडून आम्ही त्यावर सोप्या भाषेत लेख लिहून घेतला. रिवाजाप्रमाणे तो पुढच्या पानांत, राजकारणाच्या जोडीला जायचा. मी तो उचलून पाककृतीच्या समोरच्या पानावर टाकला. बैठकीत थट्टा झाली, वकीलसाहेब तर रुसलेच. पण पुढचे तीन आठवडे आंतर्देशीय पत्रं येत राहिली, बहुतेक बायकांच्या अक्षरात, काही पेन्सिलीने लिहिलेली. 'माझं लग्न आधीच झालंय, मला लागू आहे का?' हा प्रश्न जवळपास प्रत्येकीचा. राज्याच्या त्या दुरुस्तीत आधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नव्हता, आणि ते प्रत्येकीला कळवणं हे काही सुखाचं काम नव्हतं. पुढच्या पानांत छापला असता तर तो लेख त्यांच्या नजरेला पडलाच नसता. वरईच्या भाताची कृती बघायला त्या आल्या होत्या.

म्हणून अंकात काय आहे यापेक्षा काय कशाच्या शेजारी आहे याचा विचार आम्ही जास्त करायचो. तुमच्या पीडीएफकडे येईन तेव्हा हा मुद्दा पुन्हा लागेल.

आता 'कोण ठरवायचं' याचं खरं उत्तर : निम्मं संपादक ठरवायचा, निम्मं छापखाना. हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं, म्हणून जरा खोलात सांगतो.

तुमच्याकडचा एक अंक घ्या आणि पिना काळजीपूर्वक उघडा. कव्हर बाजूला काढा. आत ४८ पानं असतील तर ती सोळा-सोळा पानांच्या तीन फॉर्मांत छापलेली असणार. एका मोठ्या कागदावर पुढून आठ आणि मागून आठ पानं, मग घड्या, मग तिन्ही फॉर्म एकात एक बसवून मधोमध दोन पिना. आता गंमत बघा. फॉर्म एकात एक बसतात, एकावर एक नाही. म्हणजे सगळ्यात बाहेरच्या फॉर्मवर १ ते ८ आणि ४१ ते ४८ ही पानं येतात. त्याच्या आतल्यावर ९ ते १६ आणि ३३ ते ४०. सगळ्यात आतल्यावर १७ ते ३२ सलग. घडीच्या दोन बाजूंना शेजारी छापल्या जाणाऱ्या जोडीची बेरीज नेहमी ४९ : पान ४ चा जोडीदार ४५, पान ५ चा ४४. नव्या उपसंपादकाला आम्ही आधी हा पाढा शिकवायचो, शुद्धलेखन नंतर.

तिन्ही फॉर्म एकाच दिवशी छापायला आमच्याकडे एवढी यंत्रं नव्हती. मग आतला फॉर्म आधीच्या शुक्रवारी सुटायचा, मधला सोमवारी, बाहेरचा मंगळवारी रात्री. बुधवारी बांधणी, गुरुवारी टपाल. अंकावर तारीख शनिवारची. त्यामुळे जे आठ-दहा दिवसांत शिळं होणार नाही ते १७ ते ३२ मध्ये : कथा, कादंबरी, प्रवासवर्णन, पाककृती. जे थोडं टिकतं ते मधल्या फॉर्मवर : पुस्तकपरीक्षण, नाटक-सिनेमा, आरोग्य, मुलाखत. आणि गरमागरम ते बाहेरच्या फॉर्मवर. पण बाहेरच्या फॉर्मची अर्धी पानं अंकाच्या शेवटी येतात! म्हणून क्रिकेट शेवटच्या पानांत. लोकांना वाटतं खेळ हा हलका विषय म्हणून मागे ढकलला. तसं काही नाही. सोमवारी संपलेल्या सामन्याचा वृत्तान्त मंगळवारी रात्री ज्या कागदावर चढू शकतो, त्या कागदाची ती पानं आहेत एवढंच. पान ५ वरचं मंत्रिमंडळ आणि पान ४४ वरचा गावसकर एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापून निघायचे.

टपालाचंही तसंच. नोंदणीकृत नियतकालिकांना सवलतीचा दर मिळायचा, पण टपालात टाकायचे दिवस ठरवून दिलेले. दिवस चुकला तर सवलत जायची आणि पूर्ण तिकिटं लावायची वेळ यायची. ती साप्ताहिकाला परवडणारी गोष्ट नव्हे. वर्गणीदारांचे गठ्ठे गावांनुसार बांधून गुरुवारी दुपारी चारच्या आत पोस्टात गेलेच पाहिजेत. नांदेड, चंद्रपूरच्या विक्रेत्यांचे गठ्ठे एसटीच्या पार्सलने. अंकातल्या प्रत्येक ओळीवर या गुरुवारचा धाक असे.

याचा सर्वांत मोठा फटका आम्हाला ३१ ऑक्टोबर १९८४ ला बसला. तो बुधवार होता. अंक बांधणीवाल्याकडे पडलेला, पिना मारून चालल्या होत्या, आणि दुपारी इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी आली. आमच्या त्या अंकाच्या पान ३ वर त्यांच्या सरकारच्या पंजाब धोरणावर टीका होती, क्रियापदं वर्तमानकाळातली. छापलेल्या अंकात बाई जिवंत होत्या. अंक रद्द करायला ना पैसे होते ना कागद. शेवटी संपादकांनी उभ्या-उभ्या चोवीस ओळी लिहिल्या, त्या जवळच्या ट्रेडलवर (छोट्या छपाईयंत्रावर) एका पातळ कागदावर काळ्या चौकटीत छापून घेतल्या, आणि आम्ही सगळ्यांनी, शिपायापासून संपादकांपर्यंत, रात्रभर बांधणीवाल्याच्या जिन्यात बसून तो कागद एकेका अंकात सरकवला. बोटांना शाई लागली होती आणि कागदाने चिरा पडल्या होत्या. तुमच्या गठ्ठ्यात नोव्हेंबर १९८४ चा पहिला अंक असेल तर असा सुटा कागद निघतो का बघा. वेळेशी अशी लढाई त्या आठवड्यात आम्ही एकट्यांनीच केली नसणार.

त्या दिवसानंतर मी एक गोष्ट शिकलो : साप्ताहिकाने दैनिकाच्या मागे धावू नये. बातमी त्यांची. आपण बातमीच्या मागचं पुढचं लिहावं, तेही असं की शनिवारी वाचलं किंवा पुढच्या बुधवारी न्हाव्याकडे वाचलं तरी चालेल.

तुम्ही विचाराल, हा मिसळीचा प्रकार आला कुठून? मराठीत साप्ताहिक म्हणजे आधी मतपत्र. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला निघाला तोच साप्ताहिक म्हणून, आणि तो घरासाठी नव्हता, मत घडवण्यासाठी होता. घराचा विचार पुढे आला तेव्हा वेगवेगळ्या लोकांनी तो वेगवेगळ्या रीतीने केला. किर्लोस्करांनी वाचक वाटून घेतले : १९२० मध्ये 'किर्लोस्कर', १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर'. घरातल्या प्रत्येकाला आपापलं मासिक. सर्वसाधारण साप्ताहिकाने उलट केलं, सगळ्यांना एकाच अंकात बसवलं. परवडण्याचा प्रश्न होता तसाच स्वभावाचाही.

विचारपत्र म्हणवणाऱ्यांनाही हा मोह सुटला नाही, आणि सुटला नाही ते बरंच झालं. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' सुरू केली. त्यात ते देशाच्या प्रश्नांवर लिहीत आणि पुतणी सुधाला लिहिलेली पत्रंही छापत, त्यांत पाखरं, फुलं, पाऊस, सगळं. त्याच साप्ताहिकाने १५ ऑगस्ट १९७२ च्या विशेषांकात दलित पँथरचे राजा ढाले यांचा दलितांवरच्या अत्याचारांबद्दलचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा जळजळीत लेख छापला आणि महाराष्ट्रभर वादळ उठलं. ज्या घरात गुरुजींची पत्रं मुलांना वाचून दाखवली जात होती, त्याच घरात तो लेख पोहोचला. वेगळ्या पत्रकात छापला असता तर ज्यांना आधीच पटलेलं आहे त्यांच्यातच फिरला असता.

श्री. ग. माजगावकरांचं 'माणूस' १९६१ मध्ये निघालं, पुढे साप्ताहिक झालं. अरुण साधूंनी चीन, क्यूबा, व्हिएतनाम त्यातून मराठी घरांत आणले. कोणी क्यूबा मागितला नव्हता. आणि 'मार्मिक' बघा, १३ ऑगस्ट १९६० चं. राजकारण ठणठणीत, मधल्या दोन पानांवर बाळ ठाकरे यांची 'रविवारची जत्रा' ही व्यंगचित्रं, आणि श्रीकांत ठाकरे 'शुद्धनिषाद' या नावाने सिनेमावर लिहीत. जत्रा मधोमधच का? कारण अंकात तीच दोन पानं एका सलग कागदावर येतात. चित्र घडीवर तुटत नाही, डावं-उजवं जुळवायची कटकट नाही. पुन्हा छापखानाच.

हे फक्त मराठीचं नाही. मुंबईतून निघणारं 'इलस्ट्रेटेड वीकली' १८८० पासूनचं. खुशवंतसिंग १९६९ ते ७८ तिथे संपादक होते तेव्हा भारतातल्या एकेका जातीजमातीवर लेख यायचे आणि त्याच अंकात गोव्याच्या मारिओ मिरांडाची चित्रं. आमच्या संपादकांच्या टेबलावर तो अंक दर आठवड्याला असायचा. आम्ही त्यातून काय उचललं याची यादी देत नाही, लाज वाटेल.

आता सदरांबद्दल. सगळ्यांवर लिहीत बसत नाही. सिनेमा, खेळ, आरोग्य यांत सांगण्यासारखं विशेष नाही : जाणकार लेखक धरा, वेळेत मजकूर घ्या, झालं. पण काही सदरं दिसतात तेवढी साधी नसतात.

पाककृती. संपादकीयात चूक झाली तर दोन पत्रं येतात. पाककृतीत चूक झाली तर माणसं येतात. आमच्याकडे एकदा लिंबाच्या लोणच्याच्या कृतीत 'हिंग १ चमचा'च्या जागी 'हिंग १ वाटी' छापून गेलं. कृती पाठवणाऱ्या बाईंचं अक्षर स्वच्छ होतं, चूक आमची होती, नेमकं सांगायचं तर माझी. वरच्या ओळीत 'मीठ १ वाटी' होतं आणि प्रूफ वाचताना डोळा घसरला. दहाएक दिवसांनी एक वयस्क बाई कचेरीत आल्या, पिशवीतून चिनी मातीची बरणी काढली आणि काही न बोलता टेबलावर ठेवून दादरा सोडला. सगळा मजला हिंगाने भरला. पन्नास लिंबं होती म्हणाल्या. आम्ही भरपाई देऊ केली, त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, "एवढंच करा, पुढच्या वेळी छापायच्या आधी घरी करून बघा." तेव्हापासून प्रत्येक कृती कोणा ना कोणाच्या घरी करून बघितल्याशिवाय छापायची नाही असा नियम झाला, आणि प्रमाणं आकड्यांत आणि अक्षरांत दोन्हीकडे लिहायची : 'हिंग १ (एक) चमचा'. तुम्हीही लिहा.

शब्दकोडं. याला हलकं समजू नका. एका आठवड्यात चौकट या अंकाची आणि शोधसूत्रं पुढच्या अंकाची अशी गफलत झाली. त्याच अंकात सहकारी साखर कारखान्यांवर आमची मोठी मुखपृष्ठकथा होती, वार्ताहर पंधरा दिवस कोल्हापूर-सांगलीत फिरला होता. तिच्यावर जेमतेम एक पोस्टकार्ड. कोड्याबद्दल पोस्टमनने पत्रांचा वेगळा गठ्ठा बांधून आणला. वार्ताहराने तो गठ्ठा आठवडाभर आपल्या टेबलावर ठेवून घेतला होता, शिक्षा म्हणून. बक्षिसांचं मात्र सांभाळून. एके काळी बक्षिसी कोडी हा मोठा धंदा होता. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून चालणाऱ्या अशा स्पर्धांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५७ मध्ये निकाल लागला. त्याआधी, १९५५ मध्येच, केंद्राने बक्षीस-स्पर्धांचा कायदा करून महिन्याला हजार रुपयांवरच्या बक्षिसांना बंदी घातली होती. आम्ही बक्षीस म्हणून पुस्तक द्यायचो. तरी लोक भांडायचे.

राशिभविष्य ठेवायचं की नाही यावर आमच्याकडे दर दोन वर्षांनी वाद व्हायचा. माझं मत स्पष्ट आहे : मी विश्वास ठेवत नाही, आणि मी ते बंद केलं नाही. एकदा चार महिने बंद करून बघितलं होतं. वर्गण्या तुटल्या, विक्रेत्यांकडून परतीचे अंक वाढले. 'त्याच्यावाचून अंक चालत नाही म्हणून परत चालू केलं' असं सांगायला धाडस लागतं, ते आमच्या संपादकांकडे नव्हतं. त्यांनी 'वाचकांच्या आग्रहास्तव' असं लिहिलं. तुमचं तुम्ही ठरवा, पण ठेवलंत तर आजारपण आणि पैसा यांबद्दल ठाम वाक्यं कापायची. तेवढी मी कापत असे.

पत्रव्यवहार. नवखे लोक स्तुतीची पत्रं छापतात. त्यापेक्षा चूक दाखवणारं पत्र छापा, खाली एका ओळीत चूक कबूल करा. आमच्याकडे मिरजेहून एक निवृत्त शिक्षक दर आठवड्याला पोस्टकार्डावर व्याकरणाच्या चुका पाठवायचे, पान आणि ओळ क्रमांकासह. सुरुवातीला आम्ही वैतागायचो. पुढे एका आठवड्यात कार्ड आलं नाही तर मुद्रितशोधक अस्वस्थ व्हायचा.

आणि पानपूरक. कथा संपली आणि खाली सात ओळींची जागा उरली, तर तिथे काय? माझ्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात कात्रणं : सुभाषितं, म्हणी, गावांच्या नावांच्या उगमाची माहिती, चार ओळींचे विनोद. प्रत्येक कात्रणाच्या पाठीवर ओळींची संख्या लिहिलेली. जुळारी, म्हणजे छपाईसाठी मजकूर जुळवणारा, हाक मारायचा, "साहेब, सात!" मी डब्यातून सात ओळींचं काढून द्यायचो. तुमच्या 'हाताला लागेल ते'ची जागा हीच. पण वाचक मुखपृष्ठकथा विसरतात आणि ही सात ओळींची गोष्ट तीस वर्षांनी ऐकवतात. डबा दर्जेदार ठेवा.

आता तुमचं साप्ताहिक. पीडीएफ काढताय हे चांगलं. चौघांपैकी कोणीतरी नक्की म्हणेल की एवढी मोठी फाइल कोण उघडणार, प्रत्येक लेखाची वेगळी लिंक टाकू. तसं करायचं असेल तर साप्ताहिक काढू नका, लेख लिहा. वेगळ्या लिंकने आलेला माणूस पाककृती वाचून परत जातो, समोरच्या पानावरचा वारसा कायदा त्याला कधी दिसतच नाही. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या जाड आणि रंगीत झाल्या तेव्हा आमच्यासारख्यांची निम्मी सदरं त्यांनी नेली, टीव्हीने उरलेली संध्याकाळ नेली. 'इलस्ट्रेटेड वीकली' १९९३ मध्ये बंद पडलं तेव्हाच आमच्या कचेरीत सगळ्यांना कळून चुकलं होतं. पण शेजार मोडला तो मोबाइलने.

पानं कमी ठेवा. सोळा पुरेत. पीडीएफला फॉर्मचं बंधन नाही, तरी चारच्या पटीत ठेवा, उद्या कोणी छापून मागितलं तर पिना मारता येतील. सोळापैकी चार पानं तरी अशी हवीत जी दोन आठवडे आधी तयार असतील. चौघंही नोकरी करणारे असाल तर गुरुवारी रात्री सगळा अंक लिहायला बसाल आणि सहाव्या अंकाला भांडाल. हे मी अनेकांचं पाहिलंय. एक कादंबरी किंवा लेखमाला क्रमशः ठेवा, दर आठवड्याला परत यायला तेवढंच एक कारण खात्रीचं असतं. पण पहिलं प्रकरण छापण्याआधी किमान सहा प्रकरणं हातात असू द्या. लेखक आजारी पडतात, रुसतात, लग्न करतात. हप्ता अर्ध्या वाक्यावर तोडू नका, वाचक चिडतो. दार वाजलं आणि नायिका उठली, इथे थांबा.

बैठकीत 'आपला वाचक कोण' यावर तासभर चर्चा कराल, तर त्याऐवजी चौघांनी आपापल्या घरातल्या माणसांची नावं कागदावर लिहा आणि प्रत्येक नावापुढे एक पान क्रमांक टाका. कोणा एकाच्या नावापुढे काहीच नसेल तर अंक अजून लागलेला नाही. छापील अंक काढायची वेळ आली तर नोंदणीचं बघा. १८६७ चा जुना कायदा गेला, २०२३ चा नवा आता लागू आहे. जुन्या गठ्ठ्यात मार्च महिन्यातल्या पहिल्या अंकांत 'फॉर्म ४' नावाचं मालकीचं रुक्ष निवेदन दिसेल. तुमच्या साप्ताहिकाचा मालक नेमका कोण होता, कुठे राहायचा, हे तिथे कळेल.

राहता राहिलं २२ आणि २७. अंक सदोष नाहीत. वर सांगितलेला हिशोब लावा : ४८ पानांच्या अंकात सगळ्यात मधला कागद म्हणजे २३, २४, २५, २६. पिना सैल करून हलकेच ओढला तर तो एकच कागद, चार पानांचा, बाकीच्या अंकाला धक्का न लावता निघून येतो. क्रमशः कादंबरी आम्ही मुद्दाम तिथेच टाकायचो, आणि त्या चार पानांत जाहिरात घ्यायची नाही यावर जाहिरात विभागाशी भांडायचो. कारण वाचक ती पानं काढून ठेवायचे, कादंबरी संपली की बाइंडरकडे देऊन पुठ्ठा घालून घ्यायचे. पुस्तक विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडायचं, आणि मधली चित्रंही मिळायची.

तेव्हा माळ्यावरचे अंक नीट ठेवा आणि आजोबांच्या कपाटात खालच्या कप्प्यात बघा. कापडी पाठीचं, हाताने नाव लिहिलेलं, पुस्तकापेक्षा मोठ्या आकाराचं एक बाड असेल. पान क्रमांक दर चार पानांनी पुन्हा २३ वर येत असेल, तर तेच.